मागं कोण?

आमच्या गावच्या स्काउट पथकाला यंदा पन्नास वर्षं झाली. पथकाचा इतिहास लिहून काढ, असं शाळेच्या जुन्या बाईंनी मला सांगितलं, तेव्हा मी एका सायकलीचं पंक्चर काढत होतो.

"बाई, माझ्या हाताला पाना शोभतो, पेन नाही," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून तू होतास. आणि सगळ्यांच्या मागून चालायचास. पुढं पळणाऱ्यांना काय दिसलं असणार?" बाई म्हणाल्या आणि बरोबर आणलेली रजिस्टरं माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवून गेल्या.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी ती चाळली. सेहेचाळीस वर्षांची रजिस्टरं, बाईंचं सुरेख अक्षर. कोण पोर कधी आलं, कधी गेलं, तंबू किती, शिट्ट्या किती. पहिल्याच पानावर लिहिलेलं, संस्थापक आणि पथकप्रमुख, आणि पुढं बाईंचं नाव. पार शेवटापर्यंत बघितलं. गिरणीकाकांचं नाव कुठंच नव्हतं. मदतनीस म्हणूनसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुला सांगितलं. माझ्या हातानं खोटं लिहिलं गेलंय. तुझ्या हातानं खरं होऊ दे."

तर हे ते खरं. जरा सावकाश सांगतो, कारण माझी चालच तशी आहे.

गिरणीकाका म्हणजे गावातली पिठाची गिरणी चालवणारे. शाळा चौथीपर्यंत. उंच, सडपातळ, भुवयांवर आणि कानांवर कायम पीठ, त्यामुळे तिशीतच म्हातारे दिसायचे. इंजिनाच्या धडधडीत आयुष्य गेलेलं, म्हणून आवाज एवढा मोठा, की साधं "बस" म्हणाले तरी समोरचा दचकायचा. त्यांच्या गिरणीत दळणाच्या डब्यांची रांग लागायची. माणसं डबा ठेवून घरी जायची, डबे रांगेत उभे राहायचे. इंजिन बंद करण्याआधी काका दारात येऊन हाळी द्यायचे, "मागं कोण?" रांगेतल्या शेवटच्या डब्याचा मालक सापडेपर्यंत आणि त्याचं दळण होईपर्यंत पट्टा उतरायचा नाही. एखादी म्हातारी पाऊण तास उशिरा आली, तरी तिला उद्या या म्हणून परत पाठवलेलं मला आठवत नाही. त्यापायी काकूंच्या हातचं जेवण रोज निवायचं, आणि काकू ते त्यांना रोज ऐकवायच्या.

शनिवारी दुपारी गिरणी बंद. त्या दिवशी काका वरचा दगड उचलून बाजूला घ्यायचे आणि छिन्नी-हातोडीनं दोन्ही दगडांना टाकी लावायचे. झिजलेल्या दगडाला पुन्हा धार आणायचं ते काम. टक टक टक, संथ, एका लयीत. आम्ही पोरं त्या आवाजाला जमायचो, कारण इतर दिवशी गिरणीत पाऊल ठेवलं की पट्ट्याजवळ जाल म्हणून हाकलून द्यायचे. दगडाला टाकी लावताना मात्र त्यांना बोलायला माणूस लागायचा.

ते पुस्तक असल्याच एका शनिवारी आलं. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं रद्दीत घेतलेलं, पुड्या बांधायला. काका कंदिलाची वात आणायला गेले होते. दुकानदार पान फाडणार तेवढ्यात त्यावर त्यांना दोरीच्या गाठीचं चित्र दिसलं. गिरणीत गोण्यांची तोंडं बांधून त्यांचा जन्म गेलेला, पण ही गाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. उरलेलं पुस्तक ते छातीशी धरून घेऊन आले. पंधराव्या पानापासून पुढचं शिल्लक होतं. आधीची चौदा पानं आधीच कुणाच्या तरी घरी साखरेबरोबर गेली होती.

त्या पुस्तकात गाठी होत्या, तंबू होते, तारे बघून दिशा ओळखायची रीत होती, मोडलेल्या हाताला झोळी कशी बांधायची ते होतं. स्काउट म्हणजे काय हे सांगणारी पानं तेवढी नव्हती. काका एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचायचे आणि आम्ही बाजूला बसून ऐकायचो. चार शनिवारांत आम्ही नऊ पोरं गोणीच्या सुतळीनं एकमेकांना असं बांधायला शिकलो, की एकदा कावळ्याला सोडवायला विळा आणावा लागला. कावळा म्हणजे आमच्यातला सगळ्यांत वाचाळ पोर. आवाजावरून नाव पडलेलं. माझं नाव गोगलगाय. मला दमा होता.

काकूंनी पिठाच्या रिकाम्या पिशव्या उसवून आमच्यासाठी गळ्यातले रुमाल शिवले आणि निळ्या रंगात बुडवले. रंग नीट चढला नाही. नऊ रुमालांच्या नऊ निळाया झाल्या, आणि एकावर तर पिशवीवरची छापील अक्षरं उलटी उमटलेली दिसायची.

"पीठ दळायचं सोडून पोरं दळायला लागलेत," काकू शेजारणीला सांगायच्या. पण शिवताना त्यांनी प्रत्येक रुमालाला दुहेरी टीप घातली होती.

पहिल्या पायी सहलीला आम्ही टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत निघालो. काका सगळ्यांत पुढं, हातात पुस्तक. कावळा आणि बाकीचे त्यांच्या मागोमाग उड्या मारत. तिसऱ्या वळणावर माझी छाती भरून आली आणि मी एका दगडावर बसलो. हाक मारायला दम नव्हता. पुढच्यांचे आवाज आधी बारीक झाले, मग ऐकू यायचे बंदच झाले. दहा वर्षांच्या पोराला एकटेपण किती मोठं वाटतं, ते मी आज साठीतही सांगू शकतो. आभाळ एवढं मोठं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पाऊण तासानं काका धावत खाली आले. मला बघितलं आणि मटकन माझ्यासमोर खाली बसले. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली होती.

"माझं चुकलं रे," ते म्हणाले. गिरणीतला तो आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. "रोज डब्यांना विचारतो आणि पोरांना विचारायचं राहिलं."

त्या दिवसापासून आमच्या पथकात रीत पडली. वाटेत प्रत्येक वळणावर सगळ्यांत पुढचा थांबून ओरडणार, "मागं कोण?" आणि सगळ्यांत मागचा ओरडणार, "मी आहे!" उत्तर आल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही. पुढची पाच वर्षं ते उत्तर बहुतेक मीच दिलं.

आणि त्याच आठवड्यात काकांनी शपथ लिहिली. पुस्तकात एका ठिकाणी 'शपथ घेतलेल्या स्काउटने' असे शब्द होते, पण शपथ कोणती ते गेलेल्या पानांत. काका म्हणाले, शपथेशिवाय पथक म्हणजे बुडाशिवाय डबा. तीन दिवस ते दळता दळता ओठ हलवत होते. शनिवारी त्यांनी ती आम्हांला म्हणून दाखवली, आणि मी ती इथं जशीच्या तशी लिहितो:

"मी खोटं बोलणार नाही, आणि बोललोच तर दिवस मावळायच्या आत सांगून टाकीन. माझ्याजवळची दोरी मी एकट्याची समजणार नाही. ज्याचं पीठ त्याच्याच डब्यात घालीन. आणि वाटेवर सगळ्यांत मागे जो असेल, त्याच्या चालीनं चालेन."

चार वर्षं दर शनिवारी आम्ही ती दगडांभोवती उभं राहून म्हणायचो. गावानं आमचं नाव 'पिठाचं पथक' ठेवलं होतं. पारावर बसणारे काकांना "काय मास्तर, आज किती किलो स्काउट?" असं विचारायचे. काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. त्यांच्या मनात एकच होतं. जिल्ह्याच्या मेळाव्याला जायचं, आपल्या पोरांना खरा ध्वज आणि मान्यतेचा कागद मिळवायचा, म्हणजे पिठाचं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. शाळेच्या बाई तेव्हा नव्यानं गावात आलेल्या, विशीतल्या. त्यांनी अर्ज लिहून दिला. बोलावणं आलं.

आम्ही अठरा जण झालो होतो तोवर. दळणाच्या टेम्पोत मागं उभं राहून गेलो. काकांनी त्या दिवशी डोक्याला तेल लावून, भुवया दोनदा धुऊन, कोरा सदरा घातला होता. पीठ नसलेले काका आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. कावळा म्हणाला, "काका, तुम्ही तर तरणे निघालात की!"

मैदानात वीस-बावीस पथकं. कडक इस्त्रीचे गणवेश, एकसारखे रुमाल. ध्वजाजवळ मेळाव्याचे प्रमुख उभे राहिले आणि म्हणाले, आता सर्वांनी शपथ घ्यायची. आमचा जीव भांड्यात पडला. बाकी काही नसलं तरी शपथ आम्हांला तोंडपाठ होती. काकांनी शिकवलं होतं, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही, इंजिन चालू आहे असं समजून म्हणायचं.

आम्ही म्हणायला लागलो आणि सगळं मैदान दुसरंच काहीतरी म्हणायला लागलं.

पहिल्या ओळीला वाटलं, आपण पुढं-मागं झालो. दुसऱ्या ओळीला शेजारची पोरं वळून बघायला लागली. बाकीच्यांची शपथ लहान होती, ती संपली, आणि त्या शांततेत आमचे अठरा आवाज घशाच्या शिरा ताणून म्हणाले, "ज्याचं पीठ त्याच्याच डब्यात घालीन!"

सगळं मैदान हसलं. मोठी माणसंसुद्धा. पण एकदा म्हणायला लागलेली शपथ मध्येच सोडायची नाही, हेही काकांनीच शिकवलेलं. आम्ही ती शेवटपर्यंत म्हटली. सगळ्यांत मागे जो असेल त्याच्या चालीनं चालेन, हे शब्द मी रडत म्हटले.

प्रमुख आमच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "ही शपथ कुणी दिली तुम्हांला?"

काका पुढं झाले. "मी, साहेब. पुस्तकाची पहिली पानं नव्हती."

"मग पत्र टाकून मागवायची होती."

"हो," काका म्हणाले. "ते सुचलं नाही. वाटलं, आहे तेवढंच असेल."

प्रमुखांनी पुढं विचारलं, शिक्षण किती, प्रशिक्षण कधी घेतलं. काकांनी खरं ते सांगितलं. प्रमुखांनी खिशातून छापील शपथेचा कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, शिकलेला, प्रशिक्षण घेतलेला प्रमुख असल्याशिवाय मान्यता देता येणार नाही, नियम आहे.

परतताना काका टेम्पोच्या पुढच्या बाकावर न बसता आमच्यात मागं उभे राहिले. गाव आल्यावर उतरताना ते एवढंच म्हणाले, "चार वर्षं मी तुम्हांला खोटी शपथ शिकवली. माझ्यामुळं तुम्ही हसं झालात."

पुढच्या शनिवारी छापील कागद खळ लावून गिरणीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. "ही पाठ करा. जुनी विसरायची."

"आणि जुनी आपली होती ती?" कावळ्यानं विचारलं.

"ती आपली नव्हतीच. माझ्या मनची होती." आणि त्यांनी हातोडी उचलली. त्यानंतर त्यांच्या तोंडून ती शपथ मी ऐकली नाही. वळणावरची ती हाळीसुद्धा त्यांनी सोडली. सहलीला आमच्याबरोबर यायचेच बंद झाले. गिरणीच्या दारात उभं राहून आम्हांला लावून द्यायचे आणि परत येईपर्यंत तिथंच घुटमळायचे.

थोड्या दिवसांनी ते बाईंच्या घरी गेले. बाईंनी मला हे परवा सांगितलं.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. सुट्टीत दहा दिवसांचं प्रशिक्षण असतं म्हणे. तेवढं करून या. पथकावर तुमचं नाव लावा."

"आणि तुम्ही?"

"मी आहेच की. दोऱ्या बघीन, पोरं जमतात ती मागची खोली झाडीन."

"मग मदतनीस म्हणून तुमचं नाव घालते."

"नको," काका म्हणाले. "वरून कुणी तपासायला आलं आणि चौथी शिकलेला बघून पुन्हा काही काढलं, तर? पोरांचा ध्वज जाईल. माझं नाव कुठंच नको."

बाई तेव्हा लहान होत्या, त्यांनी ऐकलं. ते ऐकल्याचं त्यांना आजवर खुपत राहिलं. वर्षभरात ध्वज आला. मान्यतेचा कागद आला. पारावरची तोंडं बंद झाली. गणवेश आले, मुलींचं पथक निघालं, दोन पोरं पार राजधानीत संचलनाला जाऊन आली. दर वर्षी फोटो निघायचा, आणि फोटोच्या वेळी काकांना नेमकी कुठली तरी गोणी हलवायची असायची.

पथकाची खोली मात्र गिरणीच्या मागची गोण्यांचीच राहिली. त्या खोलीत काय चालायचं, हे काकांना ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून ते कानावर हात ठेवायचे, हे मला अजून उलगडलेलं नाही. भिंतीवरची शपथ आम्ही सगळे ध्वजापुढं म्हणायचो, मान ताठ ठेवून, एक अक्षर न चुकता. पण नवं पोर पथकात आलं, की मोठी पोरं त्याला गोण्यांमागं नेऊन दुसरी शपथ द्यायची. कुणी ठरवलं नव्हतं. कावळ्यानं त्याच्या धाकट्या भावाला दिली, त्यानं आणखी कुणाला. हाळीही तशीच टिकली. गिरणीसमोरचा माळ ओलांडला आणि काका दिसेनासे झाले, की पहिल्या वळणावर पुढचा ओरडायचा.

आता गिरणी बंद आहे. घराघरांत दळायची छोटी यंत्रं आली. काकू गेल्या त्याला सात वर्षं झाली. काका ऐंशीच्या पुढं आहेत, गुडघे गेलेत, आणि पीठ न लावताच भुवया पांढऱ्या आहेत. गेल्या महिन्यात मी इतिहास लिहितोय हे कळल्यावर काठी टेकत माझ्या दुकानात आले.

"माझं काही लिहू नकोस."

"का?"

"लोक विचारतील, सुरुवात कशी झाली. खोट्या शपथेनं झाली, असं लिहिणार का पोरांच्या पथकाबद्दल?"

एवढ्या वर्षांत त्यांच्या छातीवर तो दगड तसाच होता.

पन्नास वर्षांच्या समारंभाच्या दिवशी सकाळी आधी टेकडीवरच्या टाकीपर्यंत पायी जायचं आणि मग शाळेच्या मैदानावर भाषणं, असं ठरलं होतं. जिल्ह्याचे मोठे पाहुणे येणार होते, दहाची वेळ दिलेली. साठ-सत्तर पोरं गिरणीसमोर रांगेत उभी राहिली. काका नेहमीसारखे दारात. मी माझा दम्याचा फवारा खिशात घालून रांगेच्या शेवटी.

"आज शेवटच्या घरापर्यंत येतो तुमच्याबरोबर," काका मला म्हणाले. "पन्नास वर्षं झाली म्हणून."

मी माझी चाल आणखी कमी केली. शेवटचं घर आलं. काका थांबायला लागले, तेवढ्यात पुढून, पहिल्या वळणावरून, एका पोरीचा आवाज आला. बारा वर्षांची, कावळ्याची नात. आवाज कावळ्याचाच.

"मागं कोण?"

काका खिळल्यासारखे उभे राहिले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या मागं ते होते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या मागं कुणीतरी होतं.

पुन्हा हाळी आली. सबंध रांग थांबली होती, मान वळवून बघत होती. मग ती पोरगी धावत मागं काकांपाशी आली.

"आजोबा, उत्तर द्या ना! त्याशिवाय आम्हांला हलता येत नाही."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. शपथेतच आहे. सगळ्यांत मागे जो असेल त्याच्या चालीनं चालेन."

"ती शपथ चुकीची आहे, बाळ," काका म्हणाले. "भिंतीवरची खरी."

"ती पण येते मला. ती ध्वजाची," पोरगी म्हणाली. "ही चालताना लागते."

काकांनी काठीच्या टोकाकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, दळता दळता हलायचे तसे. मग त्यांनी मान वर केली आणि इंजिन चालू असल्यासारखं ओरडले, "मी आहे!"

एवढ्या मोठ्यानं, की झाडावरचे पक्षी उडाले.

टाकीपर्यंतची वाट धडधाकट माणसाला अर्ध्या तासाची. आम्हांला पावणेतीन तास लागले. मध्ये चार वेळा बसलो. "मेल्यांनो, पुढं व्हा की! पाहुणे ताटकळले असतील!" म्हणून काका रागावत होते, आणि सत्तर पोरं त्यांच्या पुढं, एक पाऊल टाकून एक पाऊल थांबत, चालत होती. वळणावळणाला हाळी येत होती आणि काका उत्तर देत होते. तिसऱ्या वळणावर तो दगड अजून आहे. काका त्यावर बसले, मी शेजारी बसलो.

"लिही," ते म्हणाले. "पण पानं नव्हती, हेही लिही."

लिहिलं.